जाते नाही, येते!

शहराच्या ऐन गर्दीत एक जपानी बाग होती आणि त्या बागेत पाचोळा झाडायला शेवंतीची आई जायची. पण आठ दिवस झाले, आई तापाने फणफणली होती. कशानेच उतार पडेना. आईवाचून शेवंतीला दुसरं होतं तरी कोण? आईचं काम सुटू नये म्हणून रोज सकाळी ही चिमुरडीच खराटा घेऊन बागेत यायची. खराटा तिच्याहून उंच!

त्या दिवशी तळ्यातला एक सोनेरी मासा उडी चुकून काठावरच्या दगडावर पडला होता. बिचारा तडफडत होता. शेवंतीने खराटा टाकला, दोन्ही हात ओले केले आणि त्याला अलगद पाण्यात सोडलं.

तोच पाणी झगमगलं! तळ्यातून एक इवलीशी परी वर आली. पोपटी झगा, गुलाबी पंख आणि केसांत दवाचे टपोरे मणी.

"मी चहापरी," ती म्हणाली. "माझ्या माशाला वाचवलंस, बाळ. चल, चहाला ये."

लाल पुलापलीकडे चहाचं लाकडी घर होतं. त्याचं दार इतकं बुटकं, की राजा आला तरी त्याला वाकावंच लागेल. शेवंतीही वाकून आत गेली. कोपऱ्यात किटली गुणगुणत होती. परीने हिरवागार चहा फेस येईपर्यंत घुसळला आणि वाडगा तिच्या हातात दिला.

"शेवटच्या घोटाला एक इच्छा माग. पण नियम आहे हं! निघताना दारात 'जाते' म्हणायचं. दुसरा शब्द निघाला, तर इच्छा फुकट."

शेवंतीने घोट घेतला आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "परीताई, साखर घालायची राहिली वाटतं!"

"आमचा चहा असाच असतो गं," परी खुदकन हसली.

शेवंतीने डोळे मिटून सगळा चहा संपवला. "माझ्या आईला बरं वाटू दे," ती म्हणाली. मग दारात वाकली आणि सवयीने बोलून गेली, "येते हं, परीताई!"

झालं! किटलीची गुणगुण थांबली.

"चुकले हो!" शेवंती रडू लागली. "आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत. आपल्या माणसाला 'येते' म्हणायचं, असं आईने शिकवलंय. आता माझ्यामुळे आई..."

परीचेही डोळे भरून आले. "वेडाबाई! इतकी वर्षं जो तो इच्छा मागतो, 'जाते' म्हणतो आणि जातो. मला आपलं माणूस कुणी म्हटलंच नव्हतं. नियम माझाच, तो मोडतेही मीच. पण 'येते' म्हणालीस, तर यायचं हं!"

लख्ख हिरवासोनेरी उजेड पडला आणि परी त्यात विरून गेली.

शेवंती धावत घरी आली, तर आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. कपाळ थंडगार! शेवंतीने तिला घट्ट मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी आई बागेत झाडायला लागली आणि शेवंती पूल ओलांडून चहाघराच्या दारात वाकली.

"परीताई, आले हं!"

आत कुणीच नव्हतं. पण किटली गुणगुणत होती आणि चटईवर एक वाफाळता वाडगा होता. शेवंतीने भीत भीत घोट घेतला.

चहात चांगली दोन चमचे साखर होती.