ठकूबाईची राई

मंडळी, वर चढण्याआधी ही राई नीट बघून घ्या. शहरातल्या बागेत झाडं ओळीत असतात. इथे दोन झाडं एका रेषेत सापडायची नाहीत. कुठे तीन करंज एकमेकांना खेटून, कुठे जांभळाच्या बुंध्याला उंबर भिडलेला. मी नगरपालिकेच्या रोपवाटिकेत तीस वर्षं माळी होतो. नवे साहेब आले की विचारायचे, "नाना, ही अशी वेडीवाकडी कुणी लावली?" मी सांगायचो, आंधळ्या बाईनं.

पेठ नुकती वसली होती तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. घरं भराभर उठत होती आणि घरोघर चुना लागत होता. टेकडीच्या पायथ्याशी रायाजी लोणाऱ्याची चुन्याची भट्टी होती. ठकूबाई त्याची बायको. भट्टीला जळण हवं, आणि जळण म्हणजे ही टेकडी. नवरा-बायको रोज कुऱ्हाड घेऊन वर जात. बारा वर्षांत टेकडी बोडकी झाली. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. पेठेतल्या भिंती पांढऱ्याशुभ्र होत होत्या.

मग एका श्रावणात पाऊस लागला तो उघडेचना. सहाव्या दिवशी ठकूबाई शेळी घेऊन वर गेली, तेव्हा तिला जमिनीत भेग दिसली. बोटभर रुंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भेगेत तिचा हात खांद्यापर्यंत गेला. तळ लागला नाही, नुसता गार वारा बोटांना झोंबला. आणि आत जात्यावर कुणी दळत असावं तसा आवाज येत होता म्हणे. शेळी दावं तोडून केव्हाच पळाली होती. ठकूबाईही पडत, घसरत खाली आली आणि दारोदार ओरडत सुटली, "घरं सोडा! टेकडी सुटलीय!"

गुजाबा तांबट पेठेतला मोठा माणूस. तो दारातूनच म्हणाला, "झाडं तुम्हीच तोडलीत ना? आता आम्हाला भीती घालता होय?"

"मीच तोडली," ठकूबाई म्हणाली. "म्हणून तर सांगतेय. पाया पडते, पोराबाळांना बाहेर काढा."

कुणी हललं नाही. पावसात जायचं कुठे? रायाजीही म्हणाला, "भरलेली भट्टी टाकून मी कुठं येऊ?" दुपारपर्यंत तिच्या घराची मागची भिंत टिचली. झऱ्याचं पाणी लाल झालं आणि मग एकाएकी थांबलं. तेव्हा तिनं टेकडीकडे तोंड करून हात जोडले. "आई, घटकाभर दम धर. तू जशी होतीस तशी तुला पुन्हा करीन."

भट्टीत त्या दिवशी कळीचा चुना काठोकाठ भरलेला होता. अशा चुन्याला पाणी लागलं की तो उकळून फुटतो, म्हणून भट्टीभोवती पाणी वळवणारा चर खणलेला असायचा. ठकूबाईनं कुदळ घेतली आणि चराचा बांध फोडला. ओढ्यासारखं पाणी भट्टीत शिरलं. असा स्फोट झाला म्हणे, की पेठेतली कौलं खडखडली. पांढरी वाफ गल्लीगल्लीत घुसली. टेकडी कोसळली असं समजून माणसं पोरं काखोटीला मारून समोरच्या मारुतीच्या उंचवट्याकडे धावत सुटली. रायाजीनं वाफेत चाचपून बायकोला शोधलं आणि पाठीवर घेतलं. तिचे दोन्ही डोळे चुन्यानं गेले होते.

शेवटचा माणूस उंचवट्यावर पोचला आणि मग टेकडी खरंच आली. निम्मी पेठ गाडली गेली. माणूस मात्र एकही गेलं नाही.

पाऊस ओसरल्यावर ठकूबाईनं रोपं मागितली. लोक म्हणतात ती फार धीट होती. आमचे आजोबा तसं म्हणत नसत. ते सांगत, टेकडीवर पाय ठेवला की ती थरथर कापायची. उभी राहायचीच नाही, रांगत जायची. माती चाचपायची आणि जिथे भुसभुशीत लागेल तिथे रोप लावायची. रायाजी तिच्या कमरेची दोरी धरून मागे. तिसऱ्या दिवशी गुजाबा तांबट करंजाची रोपं घेऊन आला. त्यानं रायाजीच्या हातातली दोरी घेतली. मग सगळी पेठच आली.

आजही पाऊस सलग पाच दिवस टिकला, की पेठेतलं एक माणूस राईत जाऊन पालथं पडतं आणि जमिनीला कान लावतं. ते परत येऊन "शांत आहे" म्हणेपर्यंत पायथ्याच्या घरांत चूल पेटत नाही. गेल्या साली माझी पाळी होती. या झाडांखाली काही ऐकू आलं नाही, तरी माझे दात वाजत होते. पण वरच्या अंगाला एक पट्टा अजून उघडा आहे. तिथे मी कान लावला, आणि लगेच उचलला.

आज झाडं तिथे लावायची आहेत.