दोन रिकाम्या खोबण्या

पाहुणे यायचे म्हणून घरातली एखादी अर्धीमुर्धी वस्तू तुम्ही कधी पडद्याआड लपवली आहे का? लपवली असेल, तर ही गोष्ट आधी तुम्हीच ऐका.

फार फार मागच्या काळात एका संस्थानात, एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. एक टेकाडावर, एक सखल भागात. राणीसाहेबांनी दोन्ही गावांच्या चावडीला एकसारखा रेडिओ दिला होता. लाकडी पेटीचा, आत दिव्यांसारखे दिसणारे काचेचे व्हॉल्व्ह असलेला. गावं म्हातारी झाली, रेडिओही मुके झाले.

एके दिवशी दवंडी पिटली गेली. राणीसाहेबांच्या नव्या संग्रहालयात एक जुना रेडिओ ठेवायचा होता. ज्या गावाचा उत्तम ठरेल, त्या गावाचा.

टेकाडावरच्या गावच्या पाटलांनी आपल्या रेडिओचं मागचं झाकण काढलं. आत व्हॉल्व्हच्या दोन खोबण्या रिकाम्या होत्या. पुढचं एक बटणही नव्हतं.

"हे असलं ध्यान घेऊन जायचं? लोक दात काढतील," पाटील म्हणाले.

"मी कशाला आहे मग?" सुतार पुढे झाला. "बटण लाकडाचं करतो. आत जुने दिवे बसवतो. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

"आणि नाही निवडला तर?"

"तर पेटीचं लाकूड झकास आहे, पाटील. तुमच्या कोंबड्यांना खुराडं होईल!"

सगळे खो खो हसले. हसली नाही ती एकटी गजराआत्या. ती नावाड्याची विधवा. रोज त्या रेडिओवरची धूळ पुसायची.

"त्या जागा रिकाम्याच राहू द्या," ती म्हणाली.

"का हो आत्या?"

आत्या पुन्हा पेटी पुसू लागली. नवऱ्याने तिच्याकडून शब्द घेतला होता, की दिल्या वस्तूचा बोभाटा करायचा नाही.

संग्रहालयाच्या अंगणात दोन्ही गावांचे रेडिओ शेजारी शेजारी ठेवले गेले. सखल गावाचा रेडिओ लखलखीत आणि पूर्ण होता. राणीसाहेबांचे वृद्ध पारखी आले. टेकाडावरच्या रेडिओत बोट घालून त्यांनी एक दिवा हलवला. तो टपकन हातात आला.

"ही तर बनवाबनवी आहे," ते कडक आवाजात म्हणाले. "उचला हा रेडिओ."

पाटलांची मान खाली गेली. सुताराने पेटीला हात घातला. आत्याला खुराडं आठवलं. आता गप्प बसलं, तर नवऱ्याची शेवटची खूणही जाणार होती.

"थांबा!" ती म्हणाली. "दिवे खोटे आहेत, पण खोबण्या खऱ्या आहेत. त्यातले व्हॉल्व्ह आम्ही दिलेत."

"कुणाला दिलेत, बाई?"

"नदीपलीकडे. पाणी चढत होतं आणि यांचा रेडिओ बंद पडला होता. पुराची घडीघडीची खबर यांना कळेना. आम्ही उंचावर, आम्हाला काय भीती? माझ्या मालकांनी व्हॉल्व्ह पागोट्यात गुंडाळले आणि होडी पाण्यात घातली."

"कशावरून?" सखल गावातून कुणीतरी ओरडलं. "आमचा रेडिओ पहिल्यापासून असाच आहे!"

"आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसं गावाच्या प्रत्येक वस्तूवर गावाचं नाव कोरतात," आत्या म्हणाली. "व्हॉल्व्हचं काळं बूड बघा."

पारख्यांनी सखल गावाच्या रेडिओतले व्हॉल्व्ह एकेक करून काढले. त्यातल्या दोन व्हॉल्व्हच्या बुडावर बारीक अक्षरांत टेकाडावरच्या गावाचं नाव होतं.

मग सखल गावचे पाटील पुढे आले. त्यांचे डोळे भरले होते.

"त्या पुरात मी पाळण्यात होतो," ते म्हणाले. "खबर आली म्हणून आईने मला डोंगरावर नेलं, एवढंच ऐकलं होतं. कुणामुळे आली, ते आज कळलं. घ्या हो आत्या, तुमचे व्हॉल्व्ह परत घ्या."

"दिलेलं परत घेत नाहीत, दादा," आत्या म्हणाली.

टेकाडावरच्या पाटलांची मान आता वर आली होती. त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरा खोटा दिवा काढला, खोटं बटणही काढलं आणि सुताराच्या हातावर ठेवलं.

पारख्यांनी रिकाम्या खोबण्यांवरून हलकेच बोट फिरवलं. "पूर्ण रेडिओ मी पुष्कळ पाहिले," ते म्हणाले. "एवढा मोलाचा एकही पाहिला नाही. निवडला."

लक्षात ठेवा, दुसऱ्याला देऊन जे उणं झालं, ते झाकू नये. तोच आपला मान असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रेडिओ संग्रहालयाच्या दारातच मांडला गेला, तोंड भिंतीकडे आणि उघडी पाठ लोकांकडे करून.