चिमाक्काचे हात

फार फार मागे, आमच्या पेठेत दोन खोपटं आणि एक तेलघाणा एवढाच पसारा होता. घाण्यावर चिमाक्का असायची. वय विचारलं की म्हणायची, "तेल घे, वय विकायला नाही." भाव मात्र पडू द्यायची नाही. आणि कुणाचं दुखणं वाढलं की कामधाम टाकून त्याच्या पायथ्याशी जमिनीवर बसायची, तळव्यांना कोमट तेल चोळत.

गावाची रीत अशी, की जाणारा माणूस बाजेवर जाऊ द्यायचा नाही, जीव बाजेच्या सुंभात अडकतो. शेवटच्या घटकेला त्याला सारवलेल्या भुईवर घ्यायचं. पण एकदा खाली घेतला, की कितीही हुशारी आली तरी परत बाजेवर नाही. म्हणजे चुकलं, तर जिवंत माणूस गेल्यातच जमा. म्हणून तळव्यांचा गारठा हातानं जोखून चिमाक्का "घ्या" म्हणाली की घ्यायचं. तिचे हात चुकत नाहीत, असं म्हणतात.

पुढे रावबा कुंभार दुखण्यानं पडला, आणि चिमाक्का त्याच्या पायथ्याशी बसली. नाक धारदार झालं, नखं निळी पडली, घशात घरघर लागली, बोटं गोधडीवरून काहीतरी वेचू लागली. त्याच्या धाकट्या भावानं, मल्हारीनं, भुई सारवून घेतली. तेवढ्यात रावबानं डोळे उघडले आणि अंबाडीची भाजी मागितली.

मल्हारी म्हणाला, "अक्का, हा जातोय का जेवतोय?"

"कळेना बाबा."

असं ती कधी बोललीच नव्हती. रावबाची बायको हौसा कावरीबावरी झाली. "तुला नाही कळत तर आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"गार लागतंय खरं. पण पाय गार का माझे हात, तेच समजेना."

मल्हारी उचलायला वाकला. हौसा बाजेला आडवी झाली. "अक्का घ्या म्हणेस्तोवर हात लावायचा नाही."

"थांबा," चिमाक्का म्हणाली आणि चोळत राहिली.

मग तो गारठा रावबाच्या पायातून तिच्या मनगटात चढला, मनगटातून खांद्यात, असं म्हणतात. त्याची नखं उजळली, तिची निळी झाली. घरघर चालूच होती, पण कुणाच्या घशातली, हे कुणी पाहिलं नाही. सगळ्यांची नजर बाजेवर.

दिवेलागणीला रावबा उठून बसला. "पाय कुणी धरलेत? सोडा की."

ते हात सुटेनात. चिमाक्का बसल्या जागी गेली होती. तिला खाली घ्यायची गरजच पडली नाही.

कुणी म्हणतं, तिनं त्याचं मरण ओढून घेतलं. कुणी म्हणतं, ती स्वतःच्याच दुखण्यानं गेली आणि गाव भलत्याच माणसाकडं बघत बसलं. मी दोन्हीकडच्यांना चहा पाजून विचारलंय. आजवर एकमत नाही.

पण अजून आमच्याकडे कुणाला खाली घेण्याआधी शेजारीण चुलीवर हात शेकते, मगच तळवे धरते. नाही कळलं तर "कळेना" म्हणते, आणि सगळं घर बसून राहतं. त्या बसण्याला चिमाक्काची बैठक म्हणतात. बैठकीत एक जण आजाऱ्याकडं बघत नाही. त्यानं फक्त पाय धरणारीकडं बघायचं असतं.