नाव न घ्यायची वस्तू

तळ्यातले जीव एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. तळ्यावर एक माणूस यायचा, हौसेखातर गळ टाकायचा आणि लागलेला मासा न्याहाळून परत पाण्यात सोडायचा.

बगळ्याला ते खपेना. त्याने सभा बोलावली. "पोटासाठी मारणं मी समजू शकतो," तो म्हणाला, "पण नुसत्या मजेसाठी? शी! आजपासून आपल्या तळ्यात 'गळ' हा शब्दसुद्धा कुणी उच्चारायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. नको म्हणून वाईटपणा कोण घेणार?

पुढे पुराबरोबर एक नवी मरळ तळ्यात आली. तिला प्रत्येक गोष्टीचं कुतूहल. "कासवआजोबा, ते गांडूळ पाण्यात असं लोंबकळतंय कशाला?"

कासव घुटमळलं. "तसलं विचारू नये, बाई."

"पण आहे काय ते?"

"सभ्य जीव त्याचं नाव घेत नाहीत."

कुणी सांगेना, म्हणून मरळीने चव घेऊन पाहिली. थोड्या वेळाने ती फाटक्या ओठाने परत आली. "त्या माणसाने सोडलं मला. पण आजोबा, तुम्ही आधी सांगितलं का नाहीत?"

कासवाने मान आत ओढून घेतली. बगळा मात्र लगबगीने पुढे आला. "बघा, किती क्रूर! मी म्हणत नव्हतो?"

मरळ खोल पाण्यातूनच त्याच्याकडे निरखून पाहत राहिली.

"बगळोबा, तुमची चोच किती दुखते हो? तिच्यातून परत आलेलं कुणी असेल तर भेटवा ना. मला विचारायचंय."