दारची म्हैस आणि पेवातला दिवा

एका गावात जेवढी घरं जमिनीवर होती, जवळजवळ तेवढीच पेवं जमिनीच्या पोटात होती. गाव ज्वारीचं. सुगी झाली की दाणे उन्हात कडकडीत वाळवायचे, पेवाच्या तळाला कडबा अंथरायचा, वर ज्वारी भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचं. पेवाचं तोंड अगदी अरुंद, एका वेळी एकच माणूस कसाबसा आत जाईल एवढं. पोट मात्र खोलीएवढं मोठं. असं कोंडलेलं धान्य वर्षानुवर्षं टिकायचं. त्याला कीड लागत नसे, कारण आतल्या कोंडलेल्या हवेत कीडसुद्धा जगत नसे.

जिथे कीड जगत नाही तिथे माणूस कसा जगेल, हे गावाला चांगलं माहीत होतं. म्हणून तिथे एक रीत होती. पेवाचं तोंड फोडलं की ते दिवसभर उघडं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा तेवत राहिला तर माणूस उतरवायचा. विझला तर निमूट माघारी फिरायचं आणि आणखी वाट बघायची.

तिथे दुसरीही एक रीत होती. पेवात माणूस दगावला तर दिवसकार्य उरकल्यावर त्याच्या जवळच्या नातलगाला चावडीवर विचारायचं, तुझी तक्रार आहे का? तो हो म्हणाला की चौकशी व्हायची. दिव्याशिवाय माणूस उतरवला असेल तर पेवाच्या धन्याने सगळ्यांदेखत भरपाई द्यायची आणि ते पेव कायमचं दगडांनी बुजवायचं. पहिला दगड त्या नातलगाच्या हातून पडायचा. नातलग नाही म्हणाला तर मात्र विषय तिथेच संपायचा. गावाने सगळा विचार केला होता, फक्त नातलगाच्या पोटाचा केला नव्हता.

या गावात सटवाजी नावाचा एक हमाल होता. त्याने जन्मभर पेवं भरली आणि उपसली. वयामुळे गुडघे गेले तसा तो वर दोर धरायला उभा राहू लागला, आणि आत त्याचा मुलगा येसबा उतरू लागला. सटवाजी कमी बोलायचा, पण बोलेल ते खरं, अशी त्याची गावात ख्याती होती. जवळ दुसरं काही नव्हतं, तेव्हा या ख्यातीचा त्याला थोडा अभिमानही होता.

एके वर्षी बाजारात ज्वारीचा भाव एकदम चढला. गावचा मोठा व्यापारी नागूशेट याने गाड्या जुंपायला लावल्या आणि ओढ्याकाठचं आपलं पेव फोडलं. ते आधी निम्मं उपसून पुन्हा लिंपलेलं होतं. अशी पेवं फार वाईट, रिकाम्या झालेल्या जागेत विषारी हवा साचते. हमाल पलीकडे गाड्यांशी पोती लावत होते. पेवाच्या तोंडाशी नागूशेट, सटवाजी आणि येसबा एवढेच होते.

"शेट, आज वारं लागू द्या. उद्या दिवा सोडू," सटवाजी म्हणाला.

"उद्या भाव उतरला तर तू भरून देणार आहेस का?" नागूशेट म्हणाला. "वास तर कोरड्या दाण्याचा येतोय. एवढ्यात काही होत नाही."

येसबाने बापाकडे पाहिलं. सटवाजीने दोर हाताला गुंडाळला. पुढे कितीदा तरी त्याला वाटलं, की त्या वेळी दोर खाली टाकायला हवा होता. पण शेटच्या कामाला नाही म्हणायची त्याच्या हातांना सवय नव्हती.

येसबा उतरला. त्याने खालून एकदा "बाबा" अशी हाक मारली. मग दोर त्याच्या हातून सुटला आणि सैल पडला.

सटवाजीने आरडाओरडा केला, हमाल धावत आले. कुणीतरी दिवा पेटवून आत सोडला, तो अर्ध्यातच विझला. सटवाजी गुडघ्यांचं दुखणं विसरून आत उडी घ्यायला निघाला होता, त्याला चौघांनी धरून ठेवलं. संध्याकाळी गळ टाकून येसबाला वर ओढलं. धावत आलेल्यांनी पेवाच्या तोंडाशी दिवा पाहिला होता. येसबा उतरण्याआधीही तो सोडला होता की नाही, हे फक्त दोघांना माहीत होतं.

येसबाच्या मागे त्याची बायको ठकू आणि अंगावर पिणारी मुलगी सगुणा होती. दुःखाने ठकूचं दूध आटलं. पोर दिवसभर रडायची आणि सटवाजी भिंतीकडे तोंड करून ते ऐकत बसायचा.

दिवसकार्याच्या आदल्या तिन्हीसांजेला नागूशेट परसदाराने आला. त्याच्या मागे एक दुभती म्हैस होती. तो चांगला खंगला होता, डोळे सुजले होते. तो अगदीच दगड होता असं कुणी समजू नये. दगड असता तर सटवाजीला त्याला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

"सटवा, माझ्या हातून घोर चूक झाली," तो म्हणाला. "गेलेला माणूस मी आणून देऊ शकत नाही. ही म्हैस ठेव. पोरीला दूध होईल. ही भीक नाही, तुझी भरपाई आहे, तुझा हक्क आहे."

"मग उद्या चावडीवर द्या."

नागूशेटने मान खाली घातली. "चावडीवर दिली तर पेव बुजवतील. आत अजून निम्मी ज्वारी आहे. तुला मी खोटं बोल असं सांगत नाही. तू बोलूच नकोस. तक्रार नाही, एवढंच म्हण. यापुढे दिव्याशिवाय माझ्या पेवात माणूस उतरणार नाही, हे तुझ्या पाया पडून सांगतो."

आत सगुणा रडत होती. ठकूने चरवी घेतली आणि म्हशीखाली बसली. धार चरवीत वाजू लागली तेव्हा सटवाजीला वाटलं, येसबाच घरात काहीतरी पाठवतो आहे. त्याने दावं हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पाटलाने विचारलं, "सटवाजी, तक्रार हाय का?"

"माझी कुनावर तक्रार न्हाई," सटवाजी म्हणाला.

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढं मोठं मन, असं जो तो म्हणू लागला. रस्त्यात भेटणारे त्याला वाकून रामराम करू लागले. म्हशीबद्दल कुणी विचारलं तर तो सांगायचा, शेटनं पोरीसाठी दिली. ते खरंच होतं. मनाशी तो म्हणायचा, माझा मुलगा गेला आणि ही त्याची भरपाई, यात कुणाचं काय गेलं? या प्रश्नाला उत्तर द्यायला समोर कुणी नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न त्याला बिनतोड वाटायचा.

सगुणा बाळसं धरू लागली. सटवाजी स्वतः मात्र त्या म्हशीचं दूध प्यायचा नाही.

नागूशेटने काही दिवस शब्द पाळला. पेव फोडलं की दिवा सोडायचा, वाट पाहायचा. मग गाड्यांची घाई आली तसा एकदा दिवा राहिला आणि काहीच झालं नाही. मग आणखी एकदा राहिला. येसबा गेला तेव्हा त्याची झोप उडाली होती. पण आता एक गोष्ट त्याला पक्की कळली होती. गेलेल्या माणसाचा भाव एक म्हैस आहे, आणि तो त्याला परवडतो.

पुढच्या सुगीनंतर बाजार पुन्हा चढला आणि ओढ्याकाठचं तेच पेव फोडलं गेलं. दोराला दुसरेच हमाल होते. आत उतरायला राहीबाईचा मुलगा दौलू होता. राहीबाई विधवा होती, पेवाजवळच बसून ज्वारी पाखडायचं काम करायची. दौलू तिचा एकुलता एक.

दुपारपर्यंत गावात आरोळी उठली. दौलू गेला होता.

तो दिवस सटवाजी घरातून बाहेर पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवसकार्य जवळ आलं तेव्हा त्याला नागूशेटचं बोलावणं आलं. वाड्याच्या मागच्या गोठ्यात एक म्हैस वेगळी बांधून ठेवली होती.

"एवढी राहीबाईकडे पोचव," नागूशेट त्याच्याकडे न बघता म्हणाला. "मी गेलो तर ती दार लावून घेईल. तुझं ती ऐकेल. काय बोलायचं, हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?"

नाही म्हणावं असं सटवाजीच्या मनात आलं. पण नाही म्हटलं तर स्वतःच्या दारची म्हैस काय होती, हे कबूल करावं लागणार होतं. त्याने दावं सोडलं आणि परसातल्या वाटेने तो निघाला. ती वाट कुणी दाखवायची त्याला गरज पडली नाही.

राहीबाई चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली नव्हती. तिने म्हैस पाहिली, मग दावं धरलेला हात पाहिला.

"सटवाभाऊ, ह्ये काय आनलंसा?"

"शेटनं धाडलीया. भरपाई म्हनून." सटवाजी म्हणाला. "तुमी निस्तं तक्रार न्हाई म्हनायचं."

राहीबाईने म्हशीकडे पाठ केली. मग अगदी हळू आवाजात बोलू लागली, जणू ती त्याला नव्हे, दौलूला काही सांगत होती.

"मी तितंच पाखडत बसले व्हते. दौलू म्हनला, शेट, दिवा सोडा मग उतरतो. शेट म्हनलं, अरं, येसबा काय दिव्यावाचून गेला व्हय? तसं असतं तर त्याचा बाप चावडीवर गप बसला असता? दिवा सोडूनबी मानूस जातो आनि न सोडूनबी वाचतो, सगळं नशीब हाय. पोरानं माझ्याकडं बघितलं. आनि मी काय म्हनले ठावं हाय? मी म्हनले, जा बाबा, सटवाभाऊ कदी लबाड वागायचे न्हाईत."

सटवाजी दाराच्या उंबऱ्यावर बसला.

"माझ्या तोंडानं मी त्याला उतरीवला, भाऊ. आता तुमी सांगा. येसबाच्या वक्ती दिवा सोडला व्हता का?"

"न्हाई," सटवाजी म्हणाला. हे एवढंच त्याने वर्षभर पोटात धरून ठेवलं होतं.

"तुमच्या दारात म्हस आली तवा तिला काय म्हनला व्हता?"

"भरपाई."

"आनि आज माझ्या दारात आनलीसा, तर तिला काय म्हनता?"

सटवाजीने हातातल्या दाव्याकडे पाहिलं. तशीच म्हैस, तसंच दावं, तेच शब्द. वर्षभर जिला तो हक्क म्हणत आला होता ती दुसऱ्याच्या दारात उभी राहिल्याबरोबर लाच झाली होती. ती तेव्हाही लाचच होती. फक्त तेव्हा मधे सगुणाचं रडणं होतं, म्हणून त्याला ती नीट दिसली नव्हती.

राहीबाई उठली. "म्हस मला नको असं न्हाई," ती म्हणाली. "माझा कमावता लेक गेलाय, मला कोन घालनार हाय? पन ती चावडीवर बांधा. समद्यांच्या देखत माझ्या पदरात घातली तर ती माझी. ह्या वाटंनं आनलेली न्हाई."

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. सटवाजी एका हाताने नवी म्हैस आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या दारची म्हैस ओढत आला. त्याने दोन्ही बांधल्या आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, आपली बाजूही मांडली नाही. नागूशेट खाली बघत राहिला. ज्यांनी वर्षभर सटवाजीला वाकून रामराम केला होता, ते आता त्याच्याकडे बघेनात.

पाटलाने निवाडा दिला. नवी म्हैस राहीबाईची, आणि तिच्या हयातीपर्यंत तिचा दाणागोटा नागूशेटने पुरवायचा. ओढ्याकाठचं पेव बुजवायचं. नागूशेटच्या बाकीच्या पेवांत गावाने उभं राहून दिवा सोडल्याशिवाय कुणी उतरायचं नाही.

"आनि ही?" सटवाजीने आपल्या म्हशीकडे बोट दाखवलं. "ही परत घ्या."

"ती तुझ्या नातीची हाय," पाटील म्हणाला. "येसबा गेला, त्याचं देनं शेटला लागूच व्हतं. ह्याच जागी उभं ऱ्हाऊन मागितली असतीस तर हीच म्हस तुला मिळाली असती."

सटवाजीला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं. हे ऐकणं त्याहून जड होतं.

सगळे ओढ्याकाठी गेले. पेवाच्या तोंडाशी दगडांची रास घातली होती. रीतीप्रमाणे पहिला दगड राहीबाईने उचलला. तो आत पडला आणि खालून दबका आवाज आला. मग सटवाजी पुढे झाला. त्याचाही मुलगा याच पेवात गेला होता. तो दगड उचलायला वाकला तेव्हा राहीबाईने त्याच्या हातावर हात ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"ऱ्हाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "तुमचा दगूड मागल्या वर्सी टाकायचा व्हता."

सटवाजी बाजूला झाला. गावाने पेव बुजवलं. तो शेवटपर्यंत तिथेच उभा होता, रिकाम्या हातांनी.

तात्पर्य: आपल्यावर झालेल्या अन्यायाची भरपाई चार माणसांदेखत हक्काने मागून घ्यावी, त्यात कमीपणा नाही, पण जे देणं आपल्या गप्प बसण्याच्या बदल्यात मिळतं ती लाच असते, आणि ती घेतो एक, फेडतो मात्र दुसराच.