ठमाआत्याचं गाठोडं

साल दोन हजार बावीस. मार्गशीर्ष महिना. थंडी होती. बोरं पिकली होती.

खाडीच्या काठी एक बीळ होतं. बिळात ठमाआत्या राहायची. ठमाआत्या म्हणजे उंदरीण. एवढीशी. मुठीत मावेल एवढी.

खाडीपलीकडं बेट होतं. बेटावर तिचा भाऊ राहायचा. भावाला बाळ झालं. आज बाळाचं बारसं. दुपारी पाळणा.

बाळाचं नाव कोण ठेवतं? आत्या ठेवते. आत्या आली नाही, तर नाव नाही. बाळ बिननावाचं.

ठमाआत्यानं कुंची शिवली. आत मऊ मऊ कापूस. कुंची गाठोड्यात बांधली. गाठोडं डोक्यावर घेतलं. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

काठावर एक उपडी होडी होती. होडीखाली बगळ्याचा विमानतळ होता. बगळाच विमान. पाठीवर बसायचं आणि जायचं. बाहेर पाटी होती. मोठ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'एका बोरात बेटावर!'

खाली बारीक अक्षरं होती. मुंगीच्या पायाएवढी. ती कुणी वाचत नसे. ठमाआत्यानंही वाचली नाही.

आत सरडा बसला होता.

"सरडेभाऊ, हे घ्या बोर. मला बेटावर जायचंय."

सरड्यानं बोर घेतलं. मान हलवली. डुगडुग, डुगडुग.

"हे बोर तुमचं झालं, आत्याबाई. गाठोड्याचं काय?"

"गाठोडं माझंच आहे."

"गाठोड्याची पाच बोरं."

"अहो, पाटीवर एक लिहिलंय!"

"खालची बारीक अक्षरं वाचा." सरडा हिरवा होता. पिवळा झाला. "खिडकीपाशी बसायचं, तर आणखी एक बोर."

"बगळ्याला खिडकी कुठाय?"

"खिडकी नाही. बोर आहे."

"माझ्याकडं बोरच नाही आता!"

"मग गाठोड्याच्या वजनाची चिठ्ठी आणा. पोपट देतो. तोवर गाठोडं इथं."

सरड्यानं गाठोडं ओढलं. सर्रकन. गेलं गाठोडं!

ठमाआत्याच्या मिशा थरथरल्या. पण ती रडली नाही. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पोपट चोचीनं पानं कापत होता. कुटुर कुटुर.

"पोपटराव, पोपटराव, चिठ्ठी द्या.
चिठ्ठी मिळाली की सरडा गाठोडं देईल.
गाठोडं मिळालं की मी बारशाला जाईन,
बाळाचं नाव ठेवीन!"

पोपट म्हणाला, "मी नाही देत. वजन कळल्याशिवाय लिहू काय? माझं डोकं? आधी बेडकाला वजन करायला सांगा."

निघाली ठमाआत्या. तुरुतुरु, तुरुतुरु.

बेडूक तराजूपाशी बसला होता. डराँव डराँव.

"बेडूकराव, बेडूकराव, वजन करा.
वजन झालं की पोपट चिठ्ठी देईल.
चिठ्ठी मिळाली की सरडा गाठोडं देईल.
गाठोडं मिळालं की मी बारशाला जाईन,
बाळाचं नाव ठेवीन!"

बेडूक म्हणाला, "मी नाही करत. तराजूची दोरी तुटलीय. डोळे आहेत ना? आधी कोळ्याकडून दोरी आणा."

निघाली ठमाआत्या. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोळी वर कोपऱ्यात लोंबत होता. झुलुक झुलुक.

"कोळीबुवा, कोळीबुवा, दोरी द्या.
दोरी मिळाली की बेडूक वजन करील.
वजन झालं की पोपट चिठ्ठी देईल.
चिठ्ठी मिळाली की सरडा गाठोडं देईल.
गाठोडं मिळालं की मी बारशाला जाईन,
बाळाचं नाव ठेवीन!"

कोळी म्हणाला, "मी नाही देत. दारातून वारा येतोय. धागा काढतो, तुटतो. काढतो, तुटतो. आधी खेकड्याला दार लावायला सांगा."

निघाली ठमाआत्या. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन वर आलं होतं. पाय दुखत होते.

खेकडा दाराची फळी धरून बसला होता. कट् कट्, कट् कट्.

"खेकडेदादा, खेकडेदादा, दार लावा.
दार लागलं की कोळी दोरी देईल.
दोरी मिळाली की बेडूक वजन करील.
वजन झालं की पोपट चिठ्ठी देईल.
चिठ्ठी मिळाली की सरडा गाठोडं देईल.
गाठोडं मिळालं की मी बारशाला जाईन,
बाळाचं नाव ठेवीन!"

खेकडा म्हणाला, "मी नाही लावत. दारात साहेब उभे आहेत. साहेबांच्या पायावर फळी घालू? आधी बगळ्याला बाजूला व्हायला सांगा."

"तुम्हीच सांगा ना."

"मी? छे, छे!" खेकडा वाकडा वाकडा मागं गेला.

निघाली ठमाआत्या. तुरुतुरु, तुरुतुरु.

बगळा दारात उभा होता. एका पायावर. मान वर. डोळे मिटलेले. सकाळपासून तसाच. विमान सुटत नव्हतं. का सुटत नव्हतं, ते कुणी विचारत नव्हतं. बगळा एका पायावर उभा राहतोच. त्यात काय विचारायचं?

"बगळेसाहेब, बगळेसाहेब, बाजूला व्हा.
तुम्ही सरलात की खेकडा दार लावील.
दार लागलं की कोळी दोरी देईल.
दोरी मिळाली की बेडूक वजन करील.
वजन झालं की पोपट चिठ्ठी देईल.
चिठ्ठी मिळाली की सरडा गाठोडं देईल.
गाठोडं मिळालं की मी बारशाला जाईन,
बाळाचं नाव ठेवीन!"

बगळा म्हणाला, "मी नाही सरत."

बस्स. एवढंच.

ठमाआत्यानं वर पाहिलं. सगळे बगळ्याची चोच बघत. ठमाआत्या ठेंगणी. तिला खालून वर धरलेला पाय दिसला. पायात काटा होता. बोरीचा. हा एवढा!

"अगं बाई! बगळेसाहेब, काटा!"

"श्श! हळू बोला." बगळ्यानं एक डोळा उघडला. "बोरं गोळा करायला गेलो होतो. रुतला."

"मग सांगायचं नाही कुणाला?"

"साहेब आहे मी."

"साहेबाला काय दुखत नाही? पाय खाली करा."

"दुखेल."

"दुखेल थोडं. करा खाली. डोळे मिटा."

बगळ्यानं डोळे मिटले. पाय खाली केला. ठमाआत्यानं काटा दातांत धरला. एक, दोन, कुट्ट! निघाला काटा.

"हुश्श!" बगळा म्हणाला. त्यानं पाय टेकला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. "आत्याबाई, तुमचं देणं झालं माझ्यावर."

"ते नंतर. आधी दारातून सरका!"

बगळा सरकला.
खेकड्यानं दार लावलं. धाड्!
कोळ्यानं दोरी दिली. सुर्र!
बेडकानं तराजू बांधला. सरड्यापाशी नेला. गाठोडं तोललं. डराँव!
"एका बोराहून हलकं!"
पोपटानं चिठ्ठी दिली. कुटुर कुटुर!

सरड्यानं चिठ्ठी वाचली. मग पाटीपाशी गेला. बारीक अक्षरं वाचली. डोळा अगदी पाटीला लावून वाचली. 'बोराहून हलक्या गाठोड्याला बोर नाही.'

"हे लिहिलंय होय!" सरडा लाल झाला. "मीही वाचलं नव्हतं कधी."

आणि सरड्यानं गाठोडं दिलं.

ठमाआत्यानं गाठोडं पोटाशी धरलं. बगळ्याच्या पाठीवर बसली. अगदी मधे.

फड् फड् फड्! उडाला बगळा. खाली खाडी. वर ऊन. ठमाआत्यानं डोळे गच्च मिटले. गाठोडं आणखी गच्च धरलं.

"आत्याबाई, विमान बेटाच्या टोकाला उतरतं. पुढं चालत जायचं असतं."

"अहो, पाळणा चुकेल माझा!"

"भावाचं घर कुठं?"

"आंब्याच्या मुळाशी. पण दारापर्यंत नेलंत, तर बोरं किती?"

"एकही नाही. मला देणं फेडायचंय."

फड् फड् फड्! उतरला बगळा. आंब्याच्या मुळाशी. अगदी बिळाच्या दारात.

आतून वहिनी धावत आली.

"आल्या, आल्या! वन्सं आल्या! मी म्हटलं, आता येत नाहीत!"

"मी नाही येत? नाव कोण ठेवणार मग? तू?"

भाऊ हसला. वहिनी हसली. पाळण्यात बाळ होतं. शेंगदाण्याएवढं. ठमाआत्यानं गाठोडं सोडलं. बाळाला कुंची घातली. बरोब्बर बसली. मग वाकली. बाळाच्या कानात म्हणाली,

"कुर्र... दाणू!"

दाणूनं कान हलवला.

बगळ्यानं दारातून चोच आत घातली.

"फिटलं का, आत्याबाई?"

"फिटलं."