खंड्याच्या पाठीचा रंग

फार फार वर्षांपूर्वीची, नद्यांना अजून नावेही पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. एका नदीच्या वळणावर रंगाऱ्यांची वाडी होती. लेकरांनो, तुम्ही तर ऐकाच, पण तुमच्या आयांनाही जवळ बोलावून बसवा. कारण ही गोष्ट एका आईची आहे.

तिचे नाव सगुणा. तिच्यासारखी रंगारीण आसपास कुठे नव्हती. पळसाच्या फुलांतून ती केशरी रंग काढी, डाळिंबाच्या सालींतून पिवळा, मंजिष्ठेच्या मुळ्यांतून लाल. "जे रंगीत दिसतं, त्याच्या पोटात रंग असतोच," असे ती म्हणे. "कुटा, उकळा, गाळा. येईल बाहेर." आणि आजवर तो आलाही होता.

वाडीत एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिने आईकडे एक रंग मागायचा. आईने स्वतःच्या हाताने त्या रंगाचा शेला रंगवून तिच्या खांद्यावर घालायचा. जिला मागितलेला रंग मिळत नसे, ती कोऱ्या शेल्यात जाई, आणि तिची आई जन्मभर मान खाली घालून वावरे.

सगुणेला एकुलती एक लेक होती, येसू. तिचे लग्न ठरले. घाटावर पाण्यात पाय सोडून बसलेली असताना ती म्हणाली, "आई, मला त्याचा रंग हवा."

समोरच्या फांदीवर खंड्या बसला होता. त्याने पाण्यावर सूर मारला, आणि डोळ्यांसमोरून काहीतरी निळे लखकन चमकून गेले.

"अगं, नीळ आहे की घरात," सगुणा म्हणाली.

"नीळ मेली काळपट! मला हा हवा. हलला की चमकणारा."

सगुणा हसली. "देईन. मी नाही द्यायचा तर कुणी द्यायचा?"

तिने काठावर गळून पडलेली पिसे वेचून आणली आणि उकळली. पाणी गढूळ झाले, निळे झाले नाही. मग तिने पिसे खलबत्त्यात कुटली. मातकट भुकटी निघाली. ती पाण्यात कालवून तीत बुडवलेली चिंधी नुसती मळल्यासारखी दिसू लागली.

"ही शिळी पिसं," ती स्वतःशी पुटपुटली. "रंग उडाला असणार. ताजी हवीत."

मग पाण्याकाठच्या फांद्यांना ती वडाचा चीक फासू लागली. खंड्या येऊन बसे आणि त्याचे पाय चिकटत. हातात घेतला तरी तो निळाच असे. बत्ता पडला की निळा नाहीसा होई. तरी ती पुन्हा चीक फासायला जाई.

पाण्याला निघालेली शेजारीण दारात थबकली. "काय गं सगुणे, लेकीला कोरीच धाडतेस वाटतं? आमच्या आयांनी आपलं हळदीवर भागवलं बाई. आमचा काही एवढा तोरा नव्हता!"

सगुणेला ते झोंबले.

येसू जवळ येऊन बसली. खलातली भुकटी पाहून तिचे डोळे भरून आले. "आई, सोड ना. मला हळदीचाच दे. तोही छान दिसतो."

"एकदा मागितलेला रंग बदलत नसतात," सगुणा वर न पाहता म्हणाली. "तुला कोरी पाठवून मी तोंड कुठं लपवू?"

लग्नाच्या आदल्या दिवशी नदीवर एकच खंड्या उरला होता. तोही चिकाला चिकटला. सगुणेने त्याला सोडवून हातात घेतले, तेव्हा तो बोलला.

"बाई, माझ्या पोटात निळा रंग नाही गं."

"मला डोळ्यांनी दिसतोय!"

"दिसतो, कारण माझ्या पिसांवर उजेड पडतो. पिसांची वीण फार बारीक आहे. तिच्यावर पडून निळा तेवढा माघारी फिरतो आणि तुझ्या डोळ्यांत येतो. बाकीचे रंग आत जिरतात. तू वीणच मोडलीस, तर तो फिरणार कुठून? ओंजळीत घेतलेली नदी कधी निळी दिसली का तुला? माझं एक पीस घे आणि सूर्यासमोर धरून त्यातून आरपार बघ. मग मला काय करायचं ते कर."

सगुणेचा हात थांबला. पक्षी खरे बोलतो आहे, हे तिला आतून कळले. पण ते खरे मानायचे, तर कुटलेला प्रत्येक पक्षी फुकट मेला होता. तेवढे मानायचे बळ तिच्यात नव्हते.

"जीव वाचवायला कुणीही काहीही बोलेल," ती म्हणाली.

बत्ता पडला, आणि खलात पुन्हा तीच मातकट भुकटी.

दुसऱ्या दिवशी येसू कोऱ्या शेल्यात उंबरठ्यावर उभी राहिली. शेजारीणसुद्धा हसली नाही. खलबत्त्यापाशी पडलेले एक पीस येसूने आईच्या हातावर ठेवले. "एवढंच राहिलंय गं," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

गाडी वळणाआड गेल्यावर सगुणेने ते पीस सूर्यासमोर धरून आरपार पाहिले. ते तपकिरी होते. तिने ते फिरवून उजेडात धरले. निळे झाले.

येसू पुन्हा माहेरी आली नाही. "मला ती नदी बघवत नाही," एवढाच निरोप आला. सगुणेची चूल परत कधी रंगासाठी पेटली नाही. रोज ती पीस घेऊन घाटावर बसे आणि एखाद्या खंड्याची वाट पाही. फांद्यांवर वाळलेला चीक तसाच होता. एकही पक्षी तिथे बसला नाही. पीस सारखे कुरवाळून कुरवाळून त्याची वीणही विस्कटली, आणि एके दिवशी ते कसेही धरले तरी तपकिरीच दिसू लागले.

म्हणून सांगते लेकरांनो, जे डोळे भरून पाहण्यासाठीच असते, ते मोडून मुठीत घ्यायला गेले, तर मूठही रिकामी राहते आणि डोळेही.